सासूबाईंची बिअर

आमच्या सासूबाईंच्या नावावर बिअरचं परमिट होतं, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. बघू देत. दारूबंदीचे दिवस होते, आणि त्या कागदासाठी माझ्या नवऱ्याने अलिबागच्या कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या होत्या.

झालं होतं असं, की विषमज्वरातून सासूबाई वाचल्या, पण तोंडाची गेलेली चव काही परत येईना. पेजेचे दोन घोट घेऊन वाटी सरकवायच्या. तळलेला बोंबील दिला तरी तेच, आंबोशीचं लोणचं दिलं तरी तेच. "माती लागतंय," म्हणायच्या. अंगावरच्या चोळीच्या बाह्या लोंबायला लागल्या. नवरा रोज वाडीत शिंपणं करून यायचा आणि दारातूनच मला खुणेने विचारायचा, आज काही खाल्लं का?

मला मात्र भय वाटलं ते वेगळ्याच गोष्टीने. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या हातचं मीठ त्यांना कधी बरोबर वाटलं नव्हतं. कमी तरी, नाहीतर खारट तरी. तेही भर पंगतीत, पाहुण्यांच्या देखत. मी मनात जळायची आणि भांडी आदळायची. आता एकदा कालवणात मीठ घालायला मी साफ विसरले, तरी त्यांनी ब्र काढला नाही. ही बाई आपल्या हातून जाणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

डॉक्टर म्हणाले, जेवणाआधी थोडी बिअर द्या, भूक लागेल. म्हणून ते परमिट. रेवसहून लाँचने मुंबईला जाऊन नवऱ्याने पेंढ्यात गुंडाळून बाटल्या आणल्या. धक्क्यावर हवालदाराने करंडी उघडायला लावली. "कोणाची रे ही?" नवरा म्हणाला, "आईची." हवालदाराने परमिट वाचलं, उलटं करून पाहिलं आणि आईला नमस्कार सांगायला सांगितलं.

आईंनी मात्र एक घोट घेतला आणि अंगणात थुंकल्या. "ह्याच्यापरीस कडू काढा बरा. न्हाय पिनार मी."

मग मी कंबर कसली. गूळ आणि आलं घालून पाहिलं. ताकासारखं जिरं-मीठ लावून पाहिलं. कोकमाचं आगळ घातलं, तर तांबडा फेस पेल्यातून उसळून माझ्या लुगड्यावर. आजाऱ्याला देण्याआधी चाखून बघायला नको का? आलं घातलेली मला बरी लागली. जरा जास्तच बरी लागली, असं नवऱ्याचं म्हणणं. सासूबाईंनी मात्र कशालाच तोंड लावलं नाही.

एका दुपारी भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "माडीतली सांदणां असती तर खाल्ली असती गो एखादी."

सासरे होते तेव्हा घरच्याच माडांची ताजी, फेसाळ माडी निघायची. ती तांदळाच्या कण्यांत घालून पीठ झाकून ठेवायचं, आणि मग टोपाला कान लावायचा. आमच्याकडे पीठ फुगून आलं की नाही हे बघत नाहीत, ऐकतात. आतून बारीक चरचर आली की पीठ बोललं, आता इडलीसारखी सांदणं वाफवायला घ्या. दारूबंदी आली तशी माडी बंद झाली, आणि सांदणंही गेली.

मी विचार केला, माडीला फेस येतो, बिअरलाही येतो. फेस आहे तर पीठ फुगणारच! एक बाटली कण्यांत ओतली. ओतताना पीठ चांगलं खळखळून बोललं. झाकून पुन्हा कान लावला तर चिडीचूप. सकाळी पाहते तर पाणी वर आणि कण्या खाली. तरी हट्टाने थोडी वाफवलीच. ताटात काढताना एक सांदण निसटलं आणि फरशीवर पडून खणकन वाजलं.

"काय पडला गो?" माजघरातून आवाज आला.

"सांदण, आई."

मग भिंत धरधरून त्या स्वतः स्वयंपाकघरात आल्या. तापानंतर पहिल्यांदा. पडलेलं सांदण त्यांनी नखाने ठोकून पाहिलं. उरलेल्या पिठाच्या टोपाला कान लावला.

"बाटलीतली ओतलीस व्हय ह्याच्यात? अगो, माडी जित्ती असते. ही मेलेली हाय. हिचा फेस हाय तवरच काय ते करायचा." त्या पाटावर टेकल्या. धाप लागली होती, तरी हुकूम चालूच. "बेसन घाल मूठभर. हळद, मिरची. कढई ठेव. तेल तापल्याबिगर दुसरी बाटली खोलू नको."

तेल तापलं. बाटली उघडून ओतली, पीठ पुन्हा खळखळलं, आणि कोळणीकडून सकाळी घेतलेले ओले बोंबील मी त्यात बुडवून भराभर कढईत सोडले. बिअरचा कडवट वास तेलात गेला आणि त्याचा भाजक्या पावासारखा खमंग वास झाला. भजी अशी कुरकुरीत, की झाऱ्यावर वाजत होती.

मी एक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी फुंकर मारली, चावलं, सावकाश चघळलं. त्यांचं कपाळ आक्रसलं. आता "माती" म्हणणार.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

खरंच कमी होतं. सांदणांच्या पिठात चिमटीभरच घातलं होतं. मी पदर तोंडाला लावला आणि चुलीपुढे हमसाहमशी रडायला लागले. नवरा वाडीतून धावत आला. आईकडे बघ, माझ्याकडे बघ, त्याला काही कळेना.

"काय झालं? आई काय म्हणाली?"

"मीठ कमी आहे म्हणाल्या," मी सांगितलं.

तो मातीच्या पायांनी तिथेच उंबऱ्यावर बसला. आईंनी मिठाचा सट माझ्याकडे सरकवला आणि दुसरं भजं उचललं.