केचपची बाटली आणि कावेरीकाठचा तोक्कू

श्राद्ध पुण्यातही झाले असते. पण बायकोला जाऊन वर्ष होत आले होते, आणि फळीवरची तोक्कूची बरणी कधीच रिकामी झाली होती. बायको कुंभकोणमची. तिचे आईवडील मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी रुजलेले. टोमॅटो, म्हणजे आपली बेलवांगी, तेल-मोहरी-मिरची-गूळ घालून आटवायची आणि त्याला तोक्कू म्हणायचे, ही तिची माहेरची रीत. आम्हाला मूल नाही. तेव्हा श्राद्ध तिच्या नदीवर करावे आणि त्या दिवशी पानावर तोक्कू वाढावा, एवढे मनाशी ठरवून निघालो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सांगतो. मद्रास मेलने मद्रासपर्यंत सरळ जाता येते. रायचूर मागे पडले की पोळीची आशा सोडावी. मद्रासला उतरून झटक्याने, म्हणजे तिकडच्या टांग्याने, एग्मोर स्टेशनावर जावे. दक्षिणेकडची लहान रुळांची गाडी तिथून सुटते. तिसऱ्या वर्गात लाकडी बाक असतात, म्हणून घोंगडी हवीच. तांब्याही बरोबर ठेवावा.

एग्मोरला समोर एक तरुण वकील येऊन बसले. त्यांनी डबा उघडला आणि इडलीवर विलायती बाटलीतला लाल केचप ओतला. ज्यांनी माझी व्याख्याने ऐकली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको.

मी इंग्रजीत सुरू केले. "हा शब्द इंग्रजांचा नाही, वकीलसाहेब. चीनच्या किनाऱ्यावरचे कोळी मासळी खारवून तिचा रस्सा करत, त्याचं हे नाव. तो रस्सा मलायात गेला. तिथं तो इंग्रज खलाशांच्या जिभेवर चढला. घरी गेल्यावर त्यांना तसा जमेना. मग त्यांनी अळंब्यांचा केला, अक्रोडांचा केला, कालवांचासुद्धा केला. टोमॅटो त्यात अमेरिकेत पडला, आणि साखर, शिरका घालून कारखानदारांनी तो बाटलीत भरला. आज साहेबाच्या टेबलावर, क्लबात, आगबोटीवर तीच बाटली. आता तुमच्या इडलीवरही."

"मग तो कोणाचा म्हणायचा?"

"ज्यानं बूच लावलं त्याचा. सगळं साम्राज्यच असं बूच लावून उभं आहे."

वकिलांनी मान डोलावली. "फारच माहितीपूर्ण. थोडा घेता?"

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बायको हसली का हे पाहायला मी सवयीने तिकडे मान वळवली. त्यानंतर चिदंबरमपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो. भातशेते, पाट, ताडाची झाडे, पुन्हा भातशेते.

तिरुविडैमरुदूर गेले की कुंभकोणम आलेच. उतरल्याबरोबर कॉफी घ्यावी. पितळी पेल्यात मिळते आणि दूध खरे असते. सासुरवाडी मेलकावेरीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. दारात सासरे उभे होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. "प्रवास सुखे जाहला ना?" त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीतले कोणी उठून बोलते आहे असे वाटते. बाहेर रस्त्यावर ते तमिळ बोलतात आणि उंबरठ्याच्या आत आले की अशी मराठी. तीही सुरुवातीला अशीच बोलायची. पुण्यातल्या बायका हसल्या, तशी तिने बदलली. बरणीतले तेवढे तिने बदलले नाही. मी बाटल्यांवर तोफ डागू लागलो की वाटी पुढे सरकवून म्हणायची, "भाषण आटोपलं असेल तर जेवा." मी जेवत असे, आणि तिच्या तोक्कूलाही केचपच म्हणत असे.

गावातल्या मंडळींनी दुसऱ्या संध्याकाळी व्याख्यान ठेवले होते. दिवाणखाना भरला होता. मी केचपचा इतिहास सांगितला, विलायती बाटलीवर घणाघात केला, आणि जे आपल्या मातीतले नाही ते आपल्या पानात नको, असे बजावले. टाळ्या पुष्कळ झाल्या. पहिल्या रांगेत श्राद्ध सांगायला येणारे भटजी बसले होते. तेही तिथल्याच मराठी घराण्यातले.

श्राद्धाच्या सकाळी मी त्यांना बाजूला घेतले. "पानावर तोक्कू वाढायचा आहे. तिला फार आवडे."

"टोमॅटोचा?" ते म्हणाले. "श्राद्धात चालावयाचा नाही. ती परदेशी भाजी. इकडे तिचं नावच शीमैत्तक्काळी; शीमै म्हणजे विलायत."

"मग मिरची? तीही बाहेरूनच आली आहे, भटजी."

"म्हणोन तर मिरे घालतों." त्यांनी दर्भ नीट केला. "कालचं तुमचं व्याख्यान उत्तम जाहलं. जे आपल्या मातीतलं नाही, तें पानात नको. मी घरीही सांगितलें."

शास्त्रार्थात मी सहसा हरत नाही. त्या सकाळी पंचा सावरून पाटावर जाऊन बसलो.

पानावर मिऱ्याची आमटी, कच्ची केळी, तिळाची चटणी. कावळ्याचा घास ठेवून मागे सरलो. वाटत होते, तो येणार नाही. तो अडून बसला असता तर भटजींना म्हणता आले असते, पाहा, तिचे मन कशात आहे. पण कावळा लगेच आला आणि सगळे नीट खाऊन उडाला. भटजी समाधानाने म्हणाले, "तृप्त जाहली." मला उगीच वाईट वाटले. कशाचा हट्ट धरावा असा तिचा स्वभाव कधीच नव्हता.

दुपारी आप्पांनी मला तिरुवलंचुळीला नेले. बैलगाडीचा रस्ता सावलीचा आहे. तिथला गणपती पांढरा, समुद्राच्या फेसाचा केलेला अशी समजूत. दर्शन झाल्यावर आप्पा म्हणाले, "हा समुद्रावरून आला. आपण पुण्या-साताऱ्यावरून आलों. भटजींना मातीचं विचारू नका, जावईबापू. त्यांच्या पणजोबांचं बिऱ्हाडही घोड्यावरूनच आलं."

वर्षभरात मी पहिल्यांदा हसलो असेन.

दुसऱ्या दिवशी निघायचे होते. सकाळी अक्का, तिची मोठी बहीण, परसात आली. जेवणाआधी कावळ्याला भात घालणे हा तिकडच्या घरातला रोजचा नेम. पिंपळपानावर भात, आणि भातावर लाल तोक्कू.

"अक्का, भटजी म्हणाले..."

"तें श्राद्धाचं शास्त्र. रोजच्या भाताला शास्त्र नाही." तिने पान भिंतीवर ठेवले. "ती गेल्यापासून मी रोज असाच घालतें. तुम्ही एवढ्या लांबून कशास आलात?"

कावळा आला. त्याने आधी लाल खाल्ले, मग भात. अक्का आत गेली, तिला स्वयंपाक होता. मी तिथेच उभा राहिलो.

येताना अक्काने तोक्कूची बरणी बांधून दिली. फडक्याने तोंड आवळून ती आडवी न ठेवता मांडीवर आणावी. माझ्या पंच्यावर गुंटकलपर्यंत तेल उतरले होते. आता पुण्याच्या घरी सकाळी खिडकीत भात आणि थोडा तोक्कू ठेवतो. इथले कावळे अजून लांबून बघतात. नंतर माझे पान मांडतो, वाटी भरून घेतो, आणि सवयीने केचपवरचे भाषण मनात सुरू होते: चीनचा किनारा, खलाशी, अळंब्या, बूच.

ते कुठे आटोपायचे हे आता मलाच ठरवावे लागते. भात बहुतेक वेळा निवलेला असतो.