नोंदीत न मावलेलं अर्धं वाक्य

काही प्रकरणं बंद होतात, पण मनातून जात नाहीत. कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यातली ही चोरी त्यातली.

स्टोअरमधली पाण्याची एक छोटी मोटर नाहीशी झाल्याची तक्रार आमच्या ठाण्यात आली. दोनच दिवसांत निनावी फोन आला, की मोटर नेरळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात आहे. पंचनामा करून आम्ही ती जप्त केली. दुकानदाराने सांगितलं, पोशीरकडच्या आदिवासी वाडीतला एक कामगार ती दुरुस्तीला देऊन गेला. चोर माल आधी चालू करून घेतात आणि मग विकतात, हे मला ठाऊक होतं. त्याला ताब्यात घेतलं.

तासभर उलटसुलट विचारलं, पण त्याचं एकच. "सायब, स्टोअरच्या सुपरवायझरनी दिली. नेरळ माझ्या वाटंवर हाय. गेटवर समदं लिवलंय." सुपरवायझरने मात्र कानांवर हात ठेवले. गेटच्या संगणकात नोंद होती: कामगाराचं नाव, वाडी, गाव, 'यांनी नादुरुस्त मोटर बाहेर नेली'. पुढे काही नाही. सुपरवायझरचं नावच नव्हतं. नोंद करणारा म्हातारा वॉचमन शपथेवर सांगत होता की त्याने ते टाइप केलं होतं. वॉचमन आणि कामगार दोघं मिळालेले आहेत, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी अटक दाखवायची होती. एकदा चोरीचा शिक्का बसला की त्या गड्याला पुन्हा कोणी कामावर घेणार नव्हतं.

आमच्याकडे एक महिला शिपाई होती. बोलायला कमी, नजर घारीची. ती गेटवर जाऊन महिन्याभराच्या नोंदी वाचत बसली. परत आली आणि म्हणाली, "सर, मराठीतली लांब नोंद एकही पुरी नाही. सगळ्या एकाच सुमाराला तुटतात, शब्दाच्या मध्येच. ह्याची नेमकी 'नेली'वर तुटली, म्हणून आपल्याला पुरी वाटली. इंग्रजीतल्या तिप्पट लांब नोंदी मात्र शाबूत आहेत."

तिने वॉचमनला माझ्यासमोर तेच वाक्य पुन्हा टाइप करायला लावलं. सेव्ह केलं, उघडलं, पुन्हा 'नेली'पर्यंतच. संगणक हूं की चूं करत नव्हता. तो प्रोग्राम बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, रकाना अडीचशे बाइटचा आहे, अडीचशे अक्षरांचा नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. मराठीला तीन लागतात, काना-मात्रेचे आणखी वेगळे. उरलेला मजकूर गळून जातो.

पण गळालेलं आणायचं कुठून? तेही तिनेच शोधलं. वाडीवरच्या कित्येकांना वाचता येत नाही, म्हणून वॉचमन प्रत्येकाची नोंद सेव्ह करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या दिवशी रांगेत मागे दोन बाया होत्या. तिने दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनी वाक्याचा शेवट सारखाच सांगितला: 'सुपरवायझरांच्या सांगण्यावरून, नेरळला दुरुस्तीसाठी.' हे जबाब समोर ठेवताच सुपरवायझरने कबुली दिली. वरिष्ठांना न विचारता त्याने मोटर पाठवली होती. संगणकात आपलं नाव नाही हे पाहून त्याने हात झटकले होते.

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ तपास मी पाहिला नाही, आणि तो माझा नव्हता. मी नोंद वाचली होती, तिने नोंदवही वाचली. त्या बाईला मी मनातून सलाम केला, आणि स्टेशन डायरीत तिचं नाव लिहून तिला तसं तोंडीही सांगितलं.

कामगाराला म्हटलं, जा, तू सुटलास. तो जागचा हलेना. खाली बघत म्हणाला, "सायब, मला नेलं तवा समदी वाडी बघत हुती. सोडलं ते कोन बघनार?"

मी टोपी घातली आणि त्याच्याबरोबर वाडीवर गेलो. लोक जमले. ह्याने चोरी केली नाही, चूक पोलिसांची झाली, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्याची आई पुढे आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. लेकाचा हात धरला आणि त्याला घरात घेऊन गेली.