डाव्या दाराचा पत्रा

मंडळी, आज परभणीच्या गॅरेजात बाबांच्या जुन्या अँबॅसिडरचं काम काढलं. वेल्डर रशीदभाई म्हणाले, "ताई, डाव्या दाराचा पत्रा लय सडलाय. कापून नवा जोडू का?" माझ्या तोंडून हो निघेना.

त्या दारावरचे पोचे नामांतराच्या दंगलीतले आहेत. मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबांच्या शाळेतले कांबळे सर आमच्यासोबत होते. सेलूजवळ दलितांना शोधणाऱ्या जमावानं गाडीला वेढा घातला. दारावर दगड बसायला लागले. काचा बंद होत्या, आत जीव गुदमरत होता. कुणीतरी सरांचं आडनाव विचारलं. बाबा म्हणाले, "हे जोशी, माझे मेहुणे." सर खाली मान घालून बसले. जमावानं गाडी सोडली.

सर पुन्हा कधी आमच्या गाडीत बसले नाहीत.

आज मी त्यांनाच फोन केला. ते म्हणाले, "बदल की पत्रा, बाळा. तुझ्या बाबांनी माझा जीव वाचवला. पण त्या दिवशी मला माझं नाव सांगता आलं नाही, ते अजून घशात अडकलंय."

रशीदभाई ग्राइंडर हातात घेऊन थांबलेत. तुम्ही असता तर त्यांना काय सांगितलं असतं?