रिकाम्या जागेसमोरचा माइक

आधीच सांगतो, इथले बरेचसे किस्से वाचून मला हसू येतं. पिंपळ, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी आवाजाचं काम करणारा माणूस. कुठलाही 'विचित्र आवाज' मला द्या, तो कुठून येतो ते शोधून देतो — सैल वायर असते, ट्यूबलाइटचा चोक असतो, नाहीतर वरच्या मजल्यावरचा मिक्सर. आयुष्यात एकदाच हात टेकले. ते सांगतो. आणि "तेव्हा घेतली होती का" असं कोणी विचारू नका. नव्हती घेतली.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी नाशिक रोडला राहायचो, नोकरी सांभाळून रेकॉर्डिंगची कामं घ्यायचो. माझ्याकडे चार ट्रॅकचं कॅसेट मशीन होतं. म्हणजे चार माइकचे आवाज वेगवेगळे टेप व्हायचे आणि नंतर एकेक सुटा ऐकता यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शरणपूरच्या बाजूला एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये सॅमदादांचं घरगुती गायनमंडळ नाताळची कॅसेट करणार होतं. सॅमदादा शाळामास्तर. ते, त्यांची बायको, धाकटी बहीण रूथ आणि शेजारचे एक गृहस्थ, असे चौघे गाणारे. पियानोवर त्यांचा मेहुणा विल्सन. पाचवी गाणारी विल्सनची बायको, म्हणजे सॅमदादांची मधली बहीण सुहास. ती त्याच उन्हाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि गेली. मागे सात वर्षांची मिनू. नाताळ झाला की विल्सन मिनूला घेऊन कायमचा सुरतला जाणार होता. रूथने किती विनवलं, पाया पडली, पोरगी आमच्याकडे ठेवा म्हणून. तो एकच म्हणायचा, "माझी पोरगी आहे, मी बघेन." आणि मिनू मावशीची ओढणी सोडायला तयार नव्हती...

रविवारची भक्ती आटोपल्यावर दुपारी मी सामान लावलं. उभा पियानो होता, भिंतीला टेकवलेला. तो पुढे ओढला, कारण भिंतीला चिकटलेला पियानो नको तितका घुमतो, आणि एक माइक त्याच्या पाठीमागे ठेवला. गाणारे अर्धगोलात. दोघी बायकांना एक माइक, दोघा पुरुषांना एक. अंतर हातभर. त्याहून जवळ गेलं की आवाज जाड होतो, श्वास आणि ओठसुद्धा ऐकू येतात. गाणारा माइकपासून किती लांब होता ते मी डोळे मिटून सांगतो. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

अर्धगोलाच्या मधोमध एक माणूस मावेल एवढी फट होती. मी म्हणालो, "सरका जरा, दात पडल्यासारखं दिसतंय मध्ये."

कोणी हललं नाही. "ती सुहासची जागा," सॅमदादा म्हणाले. "आमच्या घरात वर्ष होईपर्यंत गेलेल्याची जागा मोकळी ठेवतात. त्याचा सूरही दुसरा कोणी गात नाही. आल्टो विल्सन पियानोवर वाजवेल." आल्टो म्हणजे बायकांमधला खालचा सूर.

मला वैतागच आला. यांच्या रीतीपायी माझ्या बॅलन्सची वाट! पण गिऱ्हाईक ते. मग उरलेला चौथा माइक मी त्या फटीपुढेच लावला, हॉलचा थोडा घुमारा मिळावा म्हणून. पियानो त्यात घुसू नये म्हणून त्याची पाठ पियानोकडे, तोंड रिकाम्या जागेकडे. निव्वळ कामाची गोष्ट. पण मागे होऊन बघतो तर तो कोणाच्या तरी तोंडासमोर धरल्यासारखा दिसत होता.

रूथला हुंदका आला. "बरोबर ताईच्या उंचीवर लावलात हो."

"काढा तो," विल्सन म्हणाला. "नाटकं नकोत."

"राहू दे!" सॅमदादा खेकसले. राहिला.

पहिली दोन कडवी सुरेख झाली. तिसऱ्यात पियानोचं झाकण विल्सनच्या हातांवर पडलं.

तुम्ही म्हणाल, बिजागरी सैल असेल. मीही तेच म्हणालो असतो. पण ते झाकण पडलं, आपोआप उठलं, आणि परत आदळलं. पुन्हा उठलं. पुन्हा आदळलं. "अरे हात काढ!" सॅमदादा ओरडत होते. विल्सन खांद्यापासून ओढत होता, किंचाळत होता, हात सुटतच नव्हते. आम्ही दोघांनी झाकण धरलं. सागवानी असलं तरी होतं एक फळकूटच, पण ते आमच्या हातांतून हिसडा मारून खाली गेलं. माझं नख उलटलं. हाडं मोडल्याचा आवाज मी इथे लिहीत नाही. त्याच्या मोडक्या बोटांखाली पियानो भलतेसलते सूर काढत होता आणि पट्ट्यांवरचं रक्त त्याच्या मांडीवर गळत होतं. रूथ दारापाशी जाऊन डोळे मिटून उभी होती.

मग एकदम थांबलं. मी झाकण उचललं तर हलकं, एका हाताने वर आलं.

विल्सनला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हात घणाखाली घातले होते का?"

आठवडाभराने मी टेप लावली. हेडफोनवर पहिले तीन ट्रॅक जसे असायला हवेत तसेच — गाणं, झाकण, किंकाळ्या. मग चौथा सुटा केला.

त्यावर एक बाई गात होती. आल्टो. हातभरावरून नाही, चार बोटांवरून! ओठ उघडल्याचा आवाज, नाकातला श्वास, सगळं. तिसऱ्या कडव्यात आवाज आला, धप्प. लाकडाचा नाही. अंगावर बुक्की बसल्याचा. तिचा श्वास अडकला... आणि गाणं पुढे. परत धप्प. सूर थरथरला, सुटला नाही. बाकीच्या ट्रॅकवर जिथे जिथे झाकण आदळतं, नेमकं तिथे तिथे इथे बुक्की. ती शब्द गिळत, धापा टाकत गातच राहिली. शेवटी फरशीवर काहीतरी टणक आपटलं आणि गाणं थांबलं. पुढे नुसता नळ वाहत होता.

मी हेडफोन फेकला. खरंच सांगतो, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

टेप घेऊन तडक सॅमदादांकडे गेलो. बाप दवाखान्यात म्हणून मिनू तिथेच होती, आतल्या खोलीत चित्र रंगवत बसलेली. आम्ही दार लोटून हळू आवाजात लावली. रूथने पहिल्याच ओळीला तोंडावर हात दाबला. "ताईच."

पहिली बुक्की बसली आणि दारातून मिनू म्हणाली, "मम्मी प्रॅक्टिस करतेय."

कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. मी झटकन टेप बंद केली.

"आणि पप्पा ताल देतायत," ती म्हणाली.

"कसला ताल, बाळा?" रूथने विचारलं.

मिनूने मूठ वळली आणि आपल्याच पोटावर हाणली. "असा. मम्मी म्हणायची, माझं गाणं ऐकू येतंय तोवर खोलीतून बाहेर यायचं नाही."

सॅमदादा चप्पल न घालता निघाले. मी मागे धावलो. विल्सन खाटेवर होता, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. सॅमदादांनी त्याचा गळा धरला. "आमच्याकडे टेप आहे सुहासची."

निरपराध माणूस विचारेल, कसली टेप? विल्सन म्हणाला, "कुठपर्यंत आहे?"

आयुष्यात पोरांवर छडी न उगारलेल्या त्या मास्तरांनी त्याचं नाक फोडलं. दुसरा ठोसा ओठावर. वॉर्डबॉय आणि मी मिळून त्यांना ओढलं, नाहीतर त्या दिवशी खून होता. मीही जरा उशिराच ओढलं, ते जाऊ द्या.

पोलिसांना काय देणार होतो? उन्हाळ्यात गेलेल्या बाईचं हिवाळ्यातलं गाणं? पण विल्सन सुरतला गेला तो एकटाच. मिनू रूथकडे राहिली. पुढे त्याने कधी तिचं नाव काढलं नाही.

टेप कोरी होती, पाकीट मी स्वतः फोडलं होतं. माइक नंतर कित्येक वर्षं वापरला, काही दोष नाही. पियानोची बिजागरी घट्ट होती. सगळं तपासून झालं आणि उत्तर नाही. त्या माइकपुढे चार बोटांवर कोणीतरी उभं होतं, एवढंच माझे कान शपथेवर सांगतील.

मिनू आता मोठी झाली आहे, त्याच जागी उभी राहून आल्टो गाते. गेल्या नाताळात मी माइक लावत होतो तेव्हा तिनेच मम्मीचा विषय काढला. मला राहवलं नाही. विचारलं, "मम्मी पडली त्या दिवशी, तिचं गाणं थांबल्यावर... तू बाहेर आली होतीस का गं?"



"थांबलं कुठे, काका? रूथमावशी मला घ्यायला येईपर्यंत चालूच होतं की."