पाद्र्याची पत्रं आणि शेजारीण

पुण्यात हौसेने शिकलेली स्पॅनिश नेदरलँड्समधल्या आल्मेरेत कामी येईल असं वाटलं नव्हतं. एका विद्यापीठासाठी मी घरी बसून जुनी पत्रं तपासते. संगणक हस्ताक्षर वाचतो, त्याच्या चुका मी काढते. गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका स्पॅनिश मिशनची पत्रं हाती आली. वसाहतीच्या पार टोकाला उभारलेलं ते मिशन जेमतेम दोन वर्षं टिकलं.

पाद्री तसा प्रेमळ. आसपासच्या लोकांना त्याने आधी मका दिला, कापड दिलं, मग बाप्तिस्मा देऊन नवी नावं. मुलांना तर शिकवायला म्हणून आवारातच ठेवून घेतलं. एका सकाळी सगळे मुलाबाळांसकट निघून गेले. आपलं काय चुकलं, हे त्याला शेवटच्या पत्रापर्यंत कळलं नाही. मला मात्र दुसऱ्याच पत्रात वास आला होता. धर्म माझ्या आजोबांनीही बदलला, बौद्ध झाले, पण विचार करून, स्वतःच्या पायांनी जाऊन. मक्यासाठी नाही.

त्याच सुमारास आमची शेजारीण, सत्तरीची डच बाई, माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर माया करू लागली. नातीचा जुना कोट दिला. मुलीचं नाव जिभेवर बसेना म्हणून एक सुटसुटीत डच नाव ठेवलं. रविवारी सकाळी पॅनकेक खायला बोलवायची. मीही खुशाल पाठवत होते, तेवढीच झोप मिळायची.

एके दिवशी वरणभाताचं ताट पुढे आलं आणि मुलीने हात जोडले, डोळे मिटले, डचमध्ये काहीतरी पुटपुटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोट, नाव, आणि आता हे! पोर आपल्या हातून चालली, अशी खरीखुरी भीती वाटली.

"त्या पत्रांनी तुझं डोकं फिरलंय," नवरा म्हणाला.

कोटाची घडी घालून मी शेजारणीचं दार वाजवलं. तोडक्यामोडक्या डचमध्ये विचारलं, "माझ्या मुलीला प्रार्थना का शिकवली?"

ती लालबुंद झाली. "जेवायच्या आधी मी करते, ते बघून ती करायला लागली. पण मी आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

इतक्या पत्रांत हे एवढं वाक्य मला कुठेच सापडलं नव्हतं. रडूच आलं. कोट तसाच हातात राहिला. म्हटलं, रविवारी पाठवते, पण मीही सोबत येईन.

ती लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की स्वतःच्या दारापर्यंत पोचेतो मला पुन्हा शंका आली.