हिरव्या रुमालाची कॅप्टन

आमच्या जादूच्या वर्गात कॅप्टन दोन होत्या, पण कोणी नुसती ‘कॅप्टन’ अशी हाक मारली की मान एकीचीच वळायची. ती मी नसायचे. सरांनी माझ्याही मनगटाला स्वतःच्या हाताने लाल रुमाल बांधला होता, माझ्याही गटात अकरा मुलं होती, तरी मला सगळे ‘लाल ताई’ म्हणत आणि तिला कॅप्टन. या गोष्टीचा मला पाच वर्षं राग येत होता. खरं सांगायचं तर तो अजूनही पुरता गेलेला नाही.

पनवेलच्या जुन्या बाजारात रंगाच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी सर जादू शिकवायचे. मुलांचे दोन गट, लाल आणि हिरवा, आणि एक नियम. एका गटाची नवी जादू आधी दुसऱ्या गटाच्या कॅप्टनसमोर करून दाखवायची. तिने पकडली तर ती जादू स्टेजवर जाणार नाही. पकडणारीने फक्त चूक कुठे झाली तेवढं सांगायचं, ती सुधारायची कशी हे मात्र कधीच नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं. सर म्हणायचे, “शत्रूकडून शिकवणी घ्यायची नसते. शत्रूला फक्त घाबरायचं.” म्हणजे वर्गातली माझी प्रत्येक जादू या बाईच्या डोळ्यांखालून जायची, आणि तिची माझ्या.

ती डाव्या अंगाला भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहायची. तोंडात बडीशेप. चेहऱ्यावर काही म्हणून काही नाही. माझं सगळं करून झालं, मुलांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या, की ती बडीशेप गिळून म्हणायची, “दिसला मना.” म्हणजे मला दिसलं. मग एक शब्द. “करंगली.” किंवा “कोपर.” किंवा नुसतंच “डोले.” ती पनवेलजवळच्या एका गावातली. गावची जमीन प्रकल्पात गेली, वडिलांनी ट्रेलर घेतले, घरात दोन गाड्या आल्या, पण तिने आपलं आगरी बोलणं तसूभर बदललं नाही. खारघरहून येणारी इंग्रजी शाळेतली मुलं सुरुवातीला तिच्या बोलण्याला हसायची. महिनाभरात तीच मुलं, कोणाची चलाखी दिसली की, तिच्यासारखंच एकमेकांना “हात बोलतोय तुजा” असं बजावू लागली.

एकदा वर्गाची सहल कर्नाळ्याला गेली होती. मी आठवडाभर आधीपासून बेत रचला होता. सगळे मान वर करून पक्षी शोधत असतील, ही पोहे खात असेल, तेवढ्यात तिच्या पुढ्यातला चमचा गायब करायचा. केलाही. तिने पोह्यांवरची नजरसुद्धा उचलली नाही. “बाही,” एवढंच म्हणाली आणि माझ्या डाव्या बाहीकडे हात पुढे केला. चमचा परत देताना मला रडू आलं होतं. तिने आपल्या डब्यातला लाडू माझ्या डब्यात ठेवला. तो खायचा की फेकायचा हे मला बराच वेळ ठरवता येईना. शेवटी खाल्ला. लाडू फार चांगला होता, याचाही राग आला.

पण माझ्यावर हसायचा हक्क तिने दुसऱ्या कोणाला दिला नाही. एकदा तिच्याच गटातल्या एका मुलाने माझ्या पत्त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. तिने त्याला पुढे बोलावून तीच जादू करायला लावली. पत्ते जमिनीवर पसरले. “तिचा चुकतो कुटं ते मी सांगीन,” ती म्हणाली. “तू नाय. तू आदी तिच्याएवडा चुकून दाखव.” हे कौतुक होतं की अपमान, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आमचं खरं भांडण होतं ते नारळावरून. वार्षिक कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असायचा. प्रेक्षकांतल्या कोणाची तरी स्कूटरची किल्ली घ्यायची, ती मुठीतून नाहीशी करायची आणि पहिल्या रांगेत कोणाच्या तरी मांडीवर ठेवलेल्या नारळातून फोडून काढायची. बाकी जगात नारळ मिळाला म्हणजे नोकरी गेली, आमच्याकडे तीच सर्वांत मोठी बढती. नारळाचं गुपित सोपं होतं, आम्हाला दोघींनाही येत होतं. अवघड होतं ते मुठीतून किल्ली जाणं. जी कॅप्टन ते दुसरीला न दिसता करील, तिला नारळ. चार वर्षं आम्ही दोघींनी प्रयत्न केला आणि चारही वर्षं एकमेकींना पकडलं. मी तिला सोडलं नाही, तिने मला सोडलं नाही. मग दरवेळी नारळ सरांनीच फोडला.

पाचव्या वर्षीच्या तालमीला मी जिवाच्या आकांताने तयारी केली होती. बोटांना फोड आले होते. सर बाजूच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. मी किल्ली मुठीत घेतली, मूठ उघडली, रिकामा तळवा दाखवला. ती भिंतीला टेकून उभीच. मग म्हणाली, “नाय दिसला.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सर उठले आणि त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. कार्यक्रम झाला, किल्ली निघाली, किल्लीवाल्या काकांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या रविवारी ती वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ‘कळंबोलीला पप्पांच्या ऑफिसला बसते,’ असा मेसेज आला. मी मनातल्या मनात म्हटलं, हरणं सोसलं नाही बाईंना. महिनाभर मी त्या समजुतीवर फार सुखात होते.

मग कोणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. मी तो सावकाश करून पाहिला. किल्ली दडवताना माझा अंगठा सरळ खांबासारखा ताठ उभा होता. तालमीतही मी असंच केलं असणार. पाच वर्षं माझ्या करंगळीची हालचाल ओळखणाऱ्या बाईला हा अंगठा दिसला नाही, हे शक्य नव्हतं. तिने मला दान दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी तणतणत कळंबोली गाठली.

लोखंडाच्या बाजारामागे ट्रेलरच्या रांगेत तिच्या पप्पांचं पत्र्याचं ऑफिस होतं. ती फोनवर कुठल्याशा ड्रायव्हरला झापत होती. मला पाहून तिने फोन ठेवला. “काय गो लाल, बस.”

मी बसले नाही. “खोटं का बोललीस?”

“मी खोटा नाय बोलले. मना नाय दिसला.”

“अंगठा एवढा वर होता आणि तुला दिसला नाही?”

“मी तुजा हात बगितलाच नाय त्या दिवशी,” ती म्हणाली. “मी सरांचा बगत व्हते. त्यांचा कप बशीवर वाजत व्हता. तू आयकला नाय? दोन म्हयने वाजत व्हता. त्या हातान ते किल्ली लपवनार व्हते, भरल्या हॉलमदी?”

मी त्याच खोलीत होते, त्याच रविवारी. माझं सगळं लक्ष माझ्या बोटांवर आणि तिच्या तोंडावर.

“मग मी जिंकलेच नाही,” मी म्हटलं. त्या क्षणीही मला हेच सुचावं, याची लाज वाटते, पण म्हटलं खरं.

“तुला नारल पायजे व्हता,” ती म्हणाली, “सरांना खुर्ची पायजे व्हती. दोगांचा झाला.”

टेबलावर ट्रेलरची किल्ली पडली होती. ती मी उचलली. “आता बघ. माझाच हात बघ.” तिने वाजणारा फोन बंद केला आणि हाताची घडी घातली. मी मूठ मिटली, उघडली. “आंगठा,” ती म्हणाली. मी पुन्हा केलं. “आंगठाच.” तिसऱ्यांदाही तेच. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. दिवसभर तिथे उभं राहून तिच्याकडून पकडून घ्यायची माझी तयारी होती.

चौथ्यांदा ती खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, माझं मनगट धरलं आणि दोन बोटांएवढं आत वळवलं. “असा धर,” ती म्हणाली. “मंग आंगठा आपोआप पडतो.”

इतक्या वर्षांत तिने मला कधी सुधारणा सांगितली नव्हती. मी तिला सांगितली नव्हती. स्पर्धेत असलेलं माणूस असं करत नाही. माझं मनगट अजून तिच्या हातात होतं, आणि ती आता वर्गाला परत येणार नाही हे मला तेव्हा कळलं.

आता तो वर्ग मी चालवते. किल्ली तशीच धरते, मनगट दोन बोटं आत वळवून. आजवर कोणालाही ती दिसलेली नाही. लोक टाळ्या वाजवतात आणि मी डावीकडच्या रिकाम्या भिंतीकडे पाहून चिडते.