वातींचा डबा

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत होते. आमच्या ह्यांचा आवाज होता. "बाई गेल्या." मी "बरं" म्हटलं. असं कुणी म्हणतं का? पण मी म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेल्या तीन वह्या तपासल्या, एका पोराच्या चुकलेल्या वेलांटीवर लाल गोलसुद्धा केला. मग हेडमास्तरांना सांगून जैनथहून गावाकडे जाणाऱ्या ऑटोत बसले. शेजारची बाई सोयाबीनबद्दल काहीतरी सांगत होती, मी तिला हो हो म्हणत होते. आज दीड महिना झाला, मला अजून रडू आलेलं नाही. शेजारपाजारच्या बाया मागून बोलतात. बोलू देत.

गिरजाबाई माझ्या थोरल्या जाऊ. आमच्याकडे थोरल्या जावेला बाईच म्हणतात. तेवीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात काढली, म्हणजे भांडणंही तेवढीच झाली असणार. मी तोंडाची फटकळ, त्या शांत. मी तणतणत शाळेला जायचे आणि संध्याकाळी आले की त्या काही घडलंच नाही अशा चहा पुढे ठेवायच्या. त्याचाच मला जास्त राग यायचा. देवघर त्यांचं होतं. वेचणी झाली की आमच्याच शेतातला चांगला पांढरा कापूस त्या बाजूला काढायच्या, सरकी काढायच्या आणि दुपारी दारात बसून वाती वळायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मलाही शिकवायला बसवलं होतं. माझी वात हातात धरली आणि हसल्या. "बापा! तुही वात तुह्यासारखीच. लावायच्या आधीच इस्कटते." त्यानंतर मी कधी वाती वळल्या नाहीत.

दिवाळीनंतर त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आदिलाबाद झालं, नागपूर झालं, गाठ निघाली. डॉक्टर आमच्याशी बोलताना कागदाकडेच बघत होते, तेव्हाच काय ते कळलं. गावातल्या बायांनी बाईंना सांगितलं, देवीला नवस करा. त्या म्हणाल्या, "देवीले अट घालू नये. तिच्या मनात असन तसं होईन." माझं डोकंच फिरलं. "तिच्या मनात काय हाये ते तुमाले सांगितलं का तिनं?" त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

मग नवस मीच केला. गावात रीत अशी आहे की लाल कापडात नारळ बांधून देवळाच्या मंडपातल्या लोखंडी बारला टांगायचा. मागितलेलं मिळालं की ज्यानं बांधला त्यानंच तो सोडायचा, देवीपुढे फोडायचा आणि प्रसाद वाटायचा. ज्यांना मिळत नाही त्यांचे नारळ तिथेच लटकत राहतात. काहींची फडकी उन्हानं पार पांढरी पडली आहेत, त्यांच्याकडे कुणी वर बघत नाही. पौषातल्या एका मंगळवारी शाळेला जाताना मी गुपचूप आत शिरले. घाईत लाल कापड सापडलं नव्हतं म्हणून संक्रांतीला बाईंनीच मला दिलेला ब्लाउजपीस घेतला होता. आपली सगळ्यांत मोठी चूक तीच झाली, हे मला फार नंतर कळलं. घरी कुणाला बोलले नाही. दर मंगळवारी उपास धरला. जाता-येता बसच्या खिडकीतून मान वाकवून बघायचे, नारळ आहे ना… असायचा.

उन्हाळ्यात बाईंचं शरीर अर्धं झालं. पण वाती चालूच. मी एकदा चिडून म्हटलं, "किती करता? दुकान टाकून राह्यल्या का?" तर म्हणे, "हाव, अन् गल्ल्यावर तुले बसवतो." आषाढात एक दिवस त्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या भासऱ्यांचा, हात धरून देवळात जाऊन आल्या. संध्याकाळी मी शाळेतून आले तर प्रसाद हातावर ठेवला. वाळकं खोबरं! प्रसादाचं खोबरं ओलं असतं, हे चावता चावेना. मी म्हटलं, "हे काय? कुठलं जुनंपानं आणलं?" "खाय न मुकाट्यानं. तोंड काऊन वाकडं करतं?" मी नावं ठेवत ठेवत खाल्लं. भाद्रपदात त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर भासरे म्हणाले, "सुनंदा, आता देवघर तू पाह्य." मी दिवा लावला नाही. जिनं ऐकलं नाही तिच्यापुढे कशाला लावायचा? ते बिचारे उदबत्ती तेवढी लावायचे. मी त्या खोलीत गेलेच नाही. राग आहे असंही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. जेवायचे, शाळेत जायचे, यायचे.

गेल्या मंगळवारी मात्र देवळात गेले. नारळ काढायचा आणि पैनगंगेत फेकून द्यायचा, एवढंच ठरवलं होतं. वर बघितलं तर नारळ नाही. गुरवकाकांना विचारलं, "माहा नारळ कुठं गेला?"

"तो तं गिरजाबाईनं सोडला. आखाडातच."

"बांधला मी, सोडला त्यायनं?"

"म्हणे, ब्लाउजपीस म्याच देल्लं होतं, मले वळखू नाई येत का? मी म्हटलं, बाई, तुमाले तं बरं नाई अजून, मंग कसा सोडता? तं म्हणे, मले बरं कराचं का नाई थे तिचं तिनं पाहावं. पण हा लटकून राह्यला तं माही जाऊ जलमभर वर पाहून भांडन. देवीले मोकळं करतो, अन् तिलेबी."

म्हणजे तो माझाच नारळ होता. मी नावं ठेवत खाल्लेला.

घरी आले आणि देवघरात जाऊन वातींचा डबा काढला. पत्र्याचा, झाकण घट्ट बसणारा. आत तो ब्लाउजपीस धुऊन घडी करून तळाशी ठेवलेला, गाठीच्या सुरकुत्या अजून तशाच, आणि त्यावर काठोकाठ वाती. सगळा उन्हाळा त्या कुणासाठी वळत होत्या, ते तेव्हा कळलं. रडू तेव्हाही आलं नाही. एक वात काढली, तेलात बुडवली, दिवा लावला. काय मागायचं ते सुचलं नाही, म्हणून काही मागितलं नाही.

देवीशी माझं भांडण आहेच, ते मिटलेलं नाही. पण हा डबा संपेपर्यंत दिवा लावते आहे. आणि रोज एकच वात काढते, लवकर संपू नये म्हणून.